ड्राफ्टमध्ये निवडलेला खेळाडू जोखायचा कसा?

सॅन होजेच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनायनर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा कट्टर चाहता. एप्रिलमध्ये एनएफएल ड्राफ्टचे, म्हणजे लीगचे संघ कॉलेजचे खेळाडू आळीपाळीने निवडतात त्याचे, तिन्ही दिवस तो टीव्हीसमोरून हलत नाही. ड्राफ्ट संपला की दुसऱ्या दिवशी सगळीकडे संघांना शाळेसारख्या श्रेणी वाटल्या जातात, कुणाला ‘ए’, कुणाला ‘सी मायनस’. ताई विचारतात, या श्रेणींना काही अर्थ असतो का? कॉलेजातून आलेला पोरगा इथे टिकेल की नाही, हे घरबसल्या कसं ओळखायचं? आणि शेवटच्या फेऱ्यांत ज्यांची नावंही कुणी ऐकलेली नसतात, त्यांच्याकडे लक्ष द्यावं का?

कॉलेज खेळाडूंच्या फिल्म बघून टिपणं काढणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. चहा घेऊन बसा.

ताई, आधी श्रेणींचा निकाल लावू. या श्रेणी खेळाडूच्या खेळाला मिळतच नाहीत. श्रेणी देणाऱ्याने स्वतःची एक यादी केलेली असते आणि संघाची निवड त्या यादीशी कितपत जुळली, एवढंच तो सांगत असतो. त्याच्या यादीतला विसावा खेळाडू तुमच्या संघाला तिसाव्या क्रमांकावर मिळाला की तो म्हणणार, ‘वा, लॉटरी लागली!’ मधल्या दहा संघांनी त्याला का सोडला, हे विचारायला कुणाला सवड नसते.

तुमच्याच संघाचं २०१७ सालचं उदाहरण घ्या. जॉन लिंच नवे जनरल मॅनेजर, काइल शनाहन नवे कोच, दोघांचा पहिलाच ड्राफ्ट. तिसऱ्या क्रमांकावर त्यांनी स्टॅनफर्डचा सॉलोमन थॉमस घेतला आणि एकतिसाव्यावर अलाबामाचा लाइनबॅकर (बचावाच्या पहिल्या रांगेमागचा खेळाडू) रूबेन फॉस्टर. कौतुकाचा पाऊस पडला. थॉमसला इथल्या चार हंगामांत मोजकेच सॅक (पास फेकणाऱ्याला चेंडूसकट पाडणं) मिळाले आणि फॉस्टर दुसऱ्याच हंगामात संघाबाहेर गेला. त्याच ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत, १४६ व्या क्रमांकावर, आयोवाचा एक टाइट एंड, म्हणजे समोरच्याला अडवणं (ब्लॉकिंग) आणि पास झेलणं ही दोन्ही कामं करणारा खेळाडू, आला होता. त्याचं नाव जॉर्ज किटल. त्या दिवशी त्याच्यावर दोन ओळीसुद्धा कुणी खर्च केल्या नव्हत्या. कॉलेजमध्ये त्याच्याकडे पास फारसे फेकलेच जात नसत, म्हणून आकडे किरकोळ. पण ब्लॉकिंग बघितलं असतं तर समोरच्या डिफेन्सिव्ह एंडला पाच-पाच यार्ड मागे ढकलत नेणारा हा गडी लगेच नजरेत भरला असता. वेगही होता. फक्त तो आकड्यांच्या रकान्यात उतरला नव्हता.

म्हणून कुठल्याही निवडीबद्दल मी पहिला प्रश्न विचारतो तो असा. या पोराला कोणत्या कामासाठी घेतलाय, आणि ते काम करताना तो कॉलेजच्या फिल्ममध्ये दिसतो का? ‘चांगला खेळाडू’ हे फार मोघम झालं. काम नेमकं ठरवलं की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

दुसरा प्रश्न किमतीचा. आयपीएलचा लिलाव बघणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण ड्राफ्टमध्ये बोली लागत नाही. बत्तीस संघ, सात फेऱ्या, आणि साधारणपणे गेल्या हंगामात सगळ्यात खाली राहिलेल्या संघाला पहिली निवड. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११ च्या करारापासून नवख्यांचे पगारही क्रमांकानुसार जवळपास ठरलेलेच असतात. त्याआधी, २०१० मध्ये, पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला होता. पुढच्याच वर्षी त्याच क्रमांकावरच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे साधारण २ कोटी २० लाख. तेव्हा आता पैशाचा धोका कमी झाला. खरी किंमत मोजली जाते ती पिकांमध्ये (पिक म्हणजे निवडीचा हक्क), म्हणजे एका खेळाडूसाठी इतर किती निवडींवर पाणी सोडलं त्यात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजच्या जिमी जॉन्सन यांनी यासाठी एक तक्ता केला. पहिल्या पिकला ३००० गुण, सोळाव्याला १०००, बत्तिसाव्याला ५९०. अदलाबदलीच्या गप्पांत अजूनही तो तक्ता निघतोच.

आता ट्रे लान्स हा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, आठवा. त्याला घेता यावं म्हणून फोर्टीनायनर्सनी २०२१ मध्ये बाराव्यावरून तिसऱ्या क्रमांकावर उडी मारली आणि त्यापायी स्वतःचं त्या वर्षीचं बारावं पिक धरून पहिल्या फेरीची तीन पिकं आणि वर तिसऱ्या फेरीचं एक पिक दिलं. मुलाच्या अंगात गुण होते, हात दणकट, पायही चपळ. पण नॉर्थ डकोटा स्टेटमध्ये त्याने सुरुवातीपासून खेळलेले सामने होते जेमतेम सतरा, तेही खालच्या विभागात, आणि कोविडमुळे २०२० च्या हंगामात फक्त एक. एवढ्या शितांवरून भाताची परीक्षा करायची आणि किंमत मात्र अख्ख्या हंड्याची मोजायची! पुढच्याच वर्षी याच संघाने ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२ वा, खेळाडू म्हणून ब्रॉक पर्डी या क्वार्टरबॅकला घेतला. आयोवा स्टेटसाठी तो चार वर्षं सुरुवातीपासून खेळला होता. उंची बेताची, हात मध्यम, पण फिल्मचा ढीग होता. चूक झाल्यावर पुढच्या डावाला काय करतो, पिछाडीवर असताना डोकं कुठे असतं, हे सगळं बघायला मिळत होतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये लान्स चौथ्या फेरीच्या एका पिकवर डॅलसला गेला. पर्डीचा २०२५ चा करार पाच वर्षांसाठी २६ कोटी ५० लाख डॉलरचा आहे.

यावरून ‘शेवटचे पिक चांगले, पहिले वाईट’ असं मात्र समजू नका. टॉम ब्रेडी २००० साली १९९ वा गेला हे पाठ नसलेला माणूस विरळा, पण तो अपवाद आहे म्हणूनच लक्षात राहिला. वरचे खेळाडू सरासरीने खालच्यांपेक्षा बरेच सरस ठरतात. फक्त शेजारशेजारच्या दोघांत डावं-उजवं करायला गेलं की तज्ज्ञांचीही दांडी उडते. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोघांनी जुन्या ड्राफ्टांचा हिशेब मांडला, तेव्हा एकाच जागेसाठी आधी घेतलेला खेळाडू त्याच्या लगेच नंतर घेतलेल्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता नाणं उडवण्यापेक्षा थोडीशीच जास्त निघाली. ज्या एकासाठी संघ चार पिकं उधळतो, त्याच्याकडे मी संशयाने बघतो तो यामुळे.

आता घरबसल्या बघायचं काय. हायलाइट्स बंद करा, ही पहिली अट. तीन मिनिटांच्या चित्रफितीत सगळेच हिरो असतात. दोन-तीन अख्खे सामने बघा, आणि त्यातला एक तरी तगड्या संघाविरुद्धचा हवा.

नमुन्यासाठी लेफ्ट टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकला डावीकडून राखणारा लाइनमन, घेऊ, कारण टीव्हीच्या साध्या प्रक्षेपणातही तो डाव सुरू होताना दिसतो. स्नॅप झाला, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू झाला, की पहिले दोन सेकंद चेंडूकडे बघायचंच नाही. टॅकलचे पाय बघायचे. बाहेरून पास रशर क्वार्टरबॅकवर सुसाट येतोय आणि याला मागे तिरपं सरकत त्याची वाट अडवायची आहे. चांगल्याचे पाय जमिनीलगत सरकतात, दोन पावलांमधलं अंतर फारसं बदलत नाही. कच्च्याचे पाय सरकताना एकमेकांना भिडतात, आणि नेमक्या त्याच क्षणी रशर आत वळला की हा खांबासारखा उभा. मग तोच डाव पुन्हा लावायचा, आता हातांसाठी. आधी हात कुणी लावला? पंजे समोरच्याच्या छातीवर बसले की खांद्याबाहेर? बाहेर बसले तर कॉलेजचा पंच एखाद वेळी डोळेझाक करेल, इथे होल्डिंगच्या (समोरच्याला धरून ठेवल्याच्या) दंडाचे दहा यार्ड जातील. तिसऱ्यांदा बघायचा तो वाक. गुडघ्यांत वाकणारा तोल राखतो. कमरेत वाकणारा वजन पुढे टाकतो, आणि रशरने त्याचे हात झटकले की तोंडघशी पडतो. एवढं झाल्यावर चौथ्या क्वार्टरमधले डाव काढायचे. १४० किलोचा माणूस साठ-सत्तर डाव झाल्यावरही तसाच वाकतोय का? दमलेल्या टॅकलचे गुडघे आधी सरळ होतात, बाकीचं मग बिघडतं.

आणि समोर कोण होतं? कॉलेजच्या बारा-तेरा सामन्यांत उद्या एनएफएलमध्ये दिसेल असा रशर एक-दोनदाच वाट्याला येतो. त्या एक-दोन सामन्यांना मी बाकीच्या दहांपेक्षा जास्त वजन देतो. ओक्लाहोमाचा ऑर्लँडो ब्राउन ज्युनियर २०१८ च्या कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणीत, ४० यार्ड ५.८५ सेकंदांत धावला, बेंच प्रेसही १४ वेळाच. त्याची खूप टर उडवली गेली. बाल्टिमोरने त्याला तिसऱ्या फेरीत ८३ वा घेतला आणि तो प्रो बोलपर्यंत (हंगामातल्या सर्वोत्तमांच्या सामन्यापर्यंत) गेला, पुढे कॅन्सस सिटीकडून सुपर बोलही (लीगचा अंतिम सामना) जिंकला. टॅकल ४० यार्ड सरळ धावतो कधी? त्याला अडवून जाणं समोरच्यांना जड जात होतं, आणि ते फिल्ममध्ये होतं.

कॉलेजचा आणि एनएफएलचा खेळ दिसायला एक, पण नियम वेगळे. यावर फार कमी बोललं जातं, आणि निम्मे फसलेले अंदाज मला इथेच सापडतात.

मैदानावरच्या हॅश मार्कांचंच, म्हणजे डावाआधी चेंडू कुठे ठेवायचा ते ठरवणाऱ्या खुणांचंच, बघा. कॉलेजमध्ये हॅशच्या दोन ओळींत ४० फुटांचं अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा. कॉलेजमध्ये चेंडू एका बाजूच्या हॅशवर आला की पलीकडे मोकळं रान असतं आणि रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) हुंदडायला जागा मिळते. पण त्याच रुंद बाजूच्या कडेला सपाट, वेळेवर पास पोचवायचा तर हातात जोर लागतो. क्वार्टरबॅक असा ‘आउट’ पास किती वेळा फेकतो, आणि तो हवेत तरंगतो की कापत जातो, हे मी मुद्दाम बघतो. कॉलेजमध्ये तरंगला तरी रिसीव्हर पोचतो. रविवारच्या, म्हणजे एनएफएलच्या, खेळात मधे कॉर्नरबॅक (रिसीव्हरला राखणारा बचावपटू) पोचतो.

कॉर्नरबॅकचंही तसंच. चेंडू हवेत जाईपर्यंत रिसीव्हरशी थोडी झोंबाझोंबी कॉलेजमध्ये चालून जाते. एनएफएलमध्ये पाच यार्डांपुढे हात लावला की दंड. म्हणून हातांच्या आधाराने खेळणारा कॉर्नर कॉलेजात भिंत वाटतो आणि पहिल्याच हंगामात दंडाच्या पिवळ्या रुमालांत गुरफटतो. रिसीव्हरला कॉलेजमध्ये एक पाय रेषेच्या आत पुरतो, इथे दोन लागतात. आणि पास फेकला जात असताना लाइनमनला कॉलेजमध्ये तीन यार्ड पुढे जाता येतं, इथे एकच. धाव की पास हे शेवटच्या क्षणी ठरवणारे आरपीओ डाव कॉलेजमध्ये इतके सहज जमतात त्यामागे या सवलतीचा मोठा हात आहे. ज्या क्वार्टरबॅकचे निम्मे पास असे किंवा स्क्रीन (मागेच दिलेले छोटे पास) असतील, त्याची पास पूर्ण होण्याची टक्केवारी सत्तरच्या वर असली तरी मी ती बाजूला ठेवतो. आधी तिसरी डाउन (दहा यार्ड काढायच्या चार संधींतली तिसरी) आणि सातहून जास्त यार्ड बाकी, असे डाव काढतो. तिथे सगळ्यांना ठाऊक असतं की पास येणार. पहिला रिसीव्हर बंद दिसल्यावर हा दुसऱ्याकडे बघतो, की बघण्याआधीच पळ काढतो?

तरीही क्वार्टरबॅकबाबत छातीठोक बोलणाऱ्यापासून चार हात लांबच राहावं. २०१७ मध्ये शिकागोने एक पाऊल वर सरकण्यासाठी जादा पिकं मोजून दुसऱ्या क्रमांकावर मिच ट्रुबिस्कीला घेतलं, तेरा सामन्यांचा अनुभव असलेला. टेक्सास टेकचा पॅट्रिक माहोम्स दहावा गेला. त्याच्या कॉलेजची सतत पास फेकायची ‘एअर रेड’ पद्धत इथे चालत नाही असा तेव्हा सूर होता, आणि त्याचा संघही शेवटच्या हंगामात जिंकल्यापेक्षा जास्त सामने हरला होता. कॅन्सस सिटीने त्याला जवळजवळ अख्खं वर्ष ॲलेक्स स्मिथच्या मागे बसवलं, आणि पुढच्या हंगामात त्याने ५० टचडाउन पास फेकले. उलट वायोमिंगच्या जॉश ॲलनची कॉलेजमधली टक्केवारी ५६ च्या आसपास होती. ते आकडे बघून मोडीत काढणाऱ्यांना बफेलोने खोटं पाडलं.

मोजमापांवर फार वेळ घालवू नका. इंडियानापोलिसच्या कम्बाइनमधली ४० यार्डांची धाव टीव्हीला आवडते. मला पास रशरचे पहिले दहा यार्ड आणि थ्री-कोनची (झटपट वळणं घेत धावण्याची) वेळ कळली की पुरे. कॉर्नर आणि रिसीव्हरचा वेग मात्र बघावाच लागतो, पण तोही फिल्मशी ताडून. जॉन रॉस २०१७ मध्ये ४.२२ सेकंदांत धावला आणि नववा गेला. त्याच ड्राफ्टमध्ये ईस्टर्न वॉशिंग्टनचा कूपर कप ४.६२ धावला आणि ६९ वा गेला. कप २०२१ मध्ये झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत अव्वल राहिला, शिवाय सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. रॉसचं नाव आज त्या धावेपुरतंच निघतं.

काही गोष्टी तुम्हा-आम्हाला दिसणारच नाहीत. पहिली म्हणजे डॉक्टरांचा अहवाल. कम्बाइन मुळात सुरू झालं तेच वैद्यकीय तपासणी एका जागी उरकावी म्हणून, धावण्याचा तमाशा नंतरचा. २०१६ मध्ये यूसीएलएचा माइल्स जॅक पहिल्या दहांत जाईल असं सगळे म्हणत होते, गेला ३६ वा, कारण गुडघा. एखादं मोठं नाव अचानक घसरत खाली आलं तर ‘फुकटात मिळाला’ म्हणून टाळ्या वाजवण्याआधी एवढं लक्षात ठेवा की बत्तीस डॉक्टरांनी काहीतरी पाहिलं असू शकतं. वय मात्र दिसतं, तरी लोक बघत नाहीत. चोविशीतला दणकट गडी एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना आडवं पाडतो त्यात नवल ते काय? क्लीव्हलँडने २०१२ मध्ये ब्रँडन वीडनला पहिल्या फेरीत घेतलं तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याला शिकायला वेळ कधी मिळणार होता?

मग प्रश्न येतो, पोरगा पडला कुठे? याचं उत्तम उदाहरण तुमच्या बे एरियातच आहे. २००५ मध्ये फोर्टीनायनर्सनी पहिला घेतला ॲलेक्स स्मिथ. बर्कलीत, म्हणजे हाकेच्या अंतरावर खेळणारा ॲरन रॉजर्स चोविसाव्या क्रमांकापर्यंत ताटकळला. रॉजर्स ग्रीन बेमध्ये तीन वर्षं ब्रेट फावरच्या मागे बसून शिकला. स्मिथला जवळजवळ दरवर्षी नवा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचे डाव आखणारा कोच) आणि नवी डावांची वही. सगळे त्याला ‘वाया गेलेलं पिक’ म्हणत. जिम हार्बो आले आणि २०११ मध्ये तोच स्मिथ संघाला १३ विजयांपर्यंत आणि कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. सॅम डार्नल्ड २०१८ चा तिसरा खेळाडू, न्यूयॉर्क जेट्समध्ये रखडला. मग एक हंगाम तुमच्याकडे राखीव म्हणून काढला आणि २०२४ मध्ये मिनेसोटाला १४ सामने जिंकून दिले. म्हणून निवडीच्या दिवशी मी संघाचा पोझिशन कोच कोण, त्याने आधी कुणाला घडवलं आणि या पोरावर लगेच उतरायची वेळ येणार का, हे टिपून ठेवतो. माझ्या टिपणातला हा भाग नंतर सगळ्यात जास्त खरा ठरतो.

निकाल कधी लावायचा? तीन हंगाम झाल्यावर. पहिल्या फेरीतल्यांच्या बाबतीत तर संघ स्वतःच उत्तर देतो, कारण तिसऱ्या हंगामानंतरच्या मे महिन्यापर्यंत त्याच्या कराराच्या पाचव्या वर्षाचा पर्याय घ्यायचा की नाही हे ठरवावं लागतं. २०२१ मध्ये पहिल्या पंधरांत पाच क्वार्टरबॅक गेले. लॉरेन्स, विल्सन, लान्स, फील्ड्स आणि मॅक जोन्स. ती मुदत आली तेव्हा आपल्या मूळ संघात उरला होता एकटा ट्रेव्हर लॉरेन्स. त्या एप्रिलमधल्या श्रेणी काढून मुलाला वाचायला द्या, त्याची चांगली करमणूक होईल.

राहिले शेवटच्या फेऱ्यांतले. त्यांच्याकडे जरूर लक्ष द्या, पण वेगळ्या नजरेने. सहाव्या-सातव्या फेरीतला लाइनबॅकर किंवा सेफ्टी पहिल्या वर्षी मुख्य अकरांत येणं अवघड. त्याची नोकरी स्पेशल टीम्सवर, म्हणजे किकच्या डावांत उतरणाऱ्या तुकड्यांवर, ठरते. ऑगस्टच्या सराव सामन्यांत लोक उठून चिप्स आणायला जातात ती किकऑफची वेळ असते, नेमकं तेव्हा मुलाला बसवून ठेवा. नव्या पोरांचे नंबर लिहून घ्यायला सांगा. पंट कव्हरेजला (लाथाडलेला चेंडू झेलून पळणाऱ्याला रोखायला) पहिला कोण पोचतो, ब्लॉकर टाळताना वाट सोडून भलतीकडे कोण जातो, आणि दुसऱ्या सामन्यात त्याला वरच्या खेळाडूंबरोबर उतरवतात की चौथ्या क्वार्टरमध्ये ढकलतात, एवढं टिपलं तरी खूप. ऑगस्टच्या शेवटी नव्वदांच्या तुकडीतून त्रेपन्न उरतात. कापलेल्यांना दुसरे संघ उचलू शकतात, नाहीतर त्यातले काही प्रॅक्टिस स्क्वाडवर, म्हणजे सरावाच्या तुकडीत, राहतात. यादी जाहीर होण्याच्या आदल्या रात्री मुलाला स्वतःची त्रेपन्न नावं लिहायला लावा आणि प्रत्येक नवख्यासमोर तो का राहील, हे एका ओळीत. कारण सुचत नसेल तर त्या पोराचे किकऑफ पुन्हा बघायला सांगा.